हातखंब्यातली अगंबाई

"राजश्री, तुझा मोबाईल फितूर आहे," भागोजी मयेकर ओट्याशी येऊन म्हणाले.

राजश्री बांगड्याला मीठमसाला चोळत होती. तिने मान वर केली नाही. "काय झालं आता?"

"माझ्या मोबाईलवर 'हातखंबा माशाचं जेवण' टाकलं की आपण पहिले येतो. तुझ्यावर टाकलं की पहिली तुझी बहीण! आणि आपण कुठे आहोत माहितीये? टायरवाल्याच्या खाली. त्याच्याही खाली एक बंद पडलेली रसवंती आहे, तिच्या खाली."

"मग तुमच्याच मोबाईलवर बघा की. माझा कशाला घेता?"

भागोजी बाहेर जाऊन गल्ल्यावर बसले. बसल्याजागेवरून त्यांना हायवेपलीकडची सगुणा खानावळ सरळ दिसायची. तिच्या दारात तीन गाड्या उभ्या होत्या. भागोजींच्या दारात एक कुत्रा होता, आणि तोही पलीकडेच बघत होता.

भागोजी आधी एस.टी.त कंट्रोलर होते. स्टँडवरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज असा घुमायचा की झोपलेले प्रवासी उठून भलत्याच गाडीत चढायचे. नोकरी सोडून त्यांनी हातखंब्याच्या तिठ्याजवळ 'मयेकर्स कोकणी मेजवानी' काढली, त्याला दोन वर्षं होत आली होती. जागा शोधून दिली ती सगुणाताईंनीच. सगुणाताई म्हणजे राजश्रीची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्यांनी एकट्याने खानावळ उभी केली होती. धाकट्या बहिणीने समोरच चूल मांडली तर तिला आधार होईल आणि आपल्यालाही सोबत, एवढाच त्यांचा विचार. पहिला महिनाभर मसालासुद्धा त्यांनीच कुटून पाठवला होता. दोघी बहिणी नाटे गावच्या, दोघींचा हात आईच्या वळणाचा. तरी गाड्या पलीकडेच थांबायच्या, आणि त्याचं कारण भागोजींना काही केल्या सापडत नव्हतं.

मुलगी सानिका पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिने बापाच्या हट्टापायी वेबसाईट करून दिली होती. मजकूर भागोजींनी फोनवरून सांगितला होता, भोंग्यावरून सांगायचे तसा. वेबसाईट झाली, पण ती कोणाला दिसेना. यामागे काहीतरी काळंबेरं आहे याबद्दल भागोजींची खात्री होतीच. ते काय आहे, हे सांगायला शेजारी नितेश होता.

नितेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांचे मोबाईल उघडायचा आणि स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ ऐकायचा. त्यामुळे जगात पडद्याआड काय चालतं ते त्याला सगळं ठाऊक झालं होतं.

"काका, हे सर्च आपोआप होतं असं वाटतं तुम्हाला?" तोंडात स्क्रू धरून तो म्हणाला. "आत माणसं बसलीत. प्रत्येक तालुक्याला एक. कोणाला वर घ्यायचं, कोणाला खाली दाबायचं, तोच ठरवतो."

"मग आपल्या तालुक्याचा माणूस कोण?"

"ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून तर तो टिकलाय."

भागोजींना हे पटलं. एस.टी.त त्यांनी असे साहेब पाहिले होते. "सगुणाताईंनी त्याला गाठला असेल काय?"

नितेशने इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रू तोंडातून काढला. "मी नाव घेत नाही. पण एकही जाहिरात न करता त्या पहिल्या कशा?"

त्या दिवसापासून भागोजींचा दिनक्रम बदलला. आपल्याच वेबसाईटवर सारखं जात राहिलं की ती वर चढते, असं नितेश म्हणाला. मग ते उठल्यापासून स्वतःकडेच ये-जा करू लागले. त्यामुळेच त्यांच्या मोबाईलला त्यांच्याशिवाय कोणी दिसेनासं झालं होतं, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही. दुसऱ्याच्या पानावर जाऊन लगेच बाहेर पडलं की तो खाली घसरतो, असंही नितेश म्हणाला. भागोजी सगुणाताईंचा फोटो उघडायचे, नाक मुरडायचे आणि बाहेर पडायचे. नाक मुरडायला नितेशने सांगितलं नव्हतं. पण मोबाईलला पुढूनही कॅमेरा असतो, तेव्हा दिसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता.

मग ते गिऱ्हाइकांच्या मागे लागले. ताट समोर आलं की म्हणायचे, "एक मिनिट, घास घेऊ नका. आधी मोबाईल काढा." लोक मोबाईल काढेपर्यंत सुरमई गार व्हायची. एक गृहस्थ तर जेवण तसंच ठेवून उठले आणि रस्ता ओलांडून गेले.

पण खरी शोभा झाली ती नाट्याला. राजश्रीचे चुलते वारले होते, त्यांच्या बाराव्याला दोघं गेली. मांडवात माणसं गप्प बसली होती. भागोजी एकेकाशेजारी जाऊन बसले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "वाईट झालं. नेट आहे का तुमच्याकडे?" थोड्या वेळाने अख्खा मांडव माना खाली घालून मोबाईलकडे बघत होता. ओटीवर बसलेल्या आप्पांनी, म्हणजे राजश्रीच्या वडिलांनी, ते पाहिलं. आप्पांना ऐकायला कमी येत होतं. सगळे आपल्या भावाचा फोटोच बघतायत असं वाटून त्यांना भरून आलं. "माणसा जोडलेली हो त्यान," ते डोळे पुसत म्हणाले.

परतीच्या गाडीत राजश्री खिडकीबाहेर बघत होती. "माझ्या काकाच्या बाराव्याला," एवढंच ती म्हणाली. भागोजींनी मोबाईल खिशात घातला. आपण जरा अतीच केलं हे त्यांना कळलं आणि लाजही वाटली, पण ती लाज पावस येईपर्यंतच टिकली. तिथे रेंज आली.

"आता शेवटचा उपाय," दुसऱ्या दिवशी नितेश म्हणाला. "काका, मोबाईल ऐकतो."

"काय ऐकतो?"

"सगळं. तुम्ही घरात नुसतं 'चप्पल तुटली' म्हणा, लगेच चपलांच्या जाहिराती येतात की नाही? मग! लोक कोणाला चांगलं म्हणतात, कोणाला नावं ठेवतात, ते मशीन ऐकून ठेवतं आणि त्यावर नंबर लावतं. माईक चालू ठेवा आणि त्याच्यासमोर बोला. तुमच्यासारखा आवाज तालुक्यात कोणाचा आहे?"

शेवटचं वाक्य वर्मी बसलं.

राजश्री सकाळी मासे आणायला मिरकरवाड्याला गेली होती. खानावळीत कोणी नव्हतं. भागोजींनी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकून उभा केला. माईक कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण पडद्यावर खाली कोपऱ्यात एक छोटासा माईक दिसत होता. त्यांनी तो दाबला आणि बोट जरा वर सरकलं. माईक लाल होऊन लुकलुकू लागला. पुढे आकडेही पळायला लागले. मशीन ऐकतंय याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

पडद्यावर त्या वेळी सासुरवाडीचा 'नाट्याची माणसं' हा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा होता, इकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

स्वतःच्या आवाजात बोलणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी पहिल्यांदा पुण्याच्या गृहस्थाचा आवाज लावला. "वा! मयेकरांकडचं जेवण म्हणजे जेवण! आम्ही पुण्याहून मुद्दाम येतो!" मग एक बाई हवी असं वाटलं. त्यांनी गळा आवळला. "अगंबाई! काय गं ही सोलकढी! जन्मात अशी प्यायले नाही मी! अगंबाई, पाककृती तरी द्या हो!"

एव्हाना त्यांना रंग चढला होता. समोर नजर गेली तर पलीकडे एक बस थांबत होती. बाईचा आवाज आणखी बारीक झाला. "काल आम्ही त्या समोरच्या सगुणा खानावळीत गेलो होतो मेलं. मासे शिळे! ह्यांना उलट्या सुरू झाल्या, पोराला जुलाब! अगंबाई, हे बघा पुन्हा लागली उलटी!" आणि ती खरी वाटावी म्हणून त्यांनी रिकाम्या टोपात तोंड घालून दोन उमासे काढले. टोप मोठा होता. आवाज चांगला घुमला. शेवट कसा करावा ते सुचेना, तेव्हा सवयीने तोंडून निघून गेलं, "तरी प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी."

लाल माईकशेजारी एक हिरवा बाण दिसत होता. बाण म्हणजे पुढे पाठवायचं, हे कोणीही सांगेल. भागोजींनी तो दाबला. टुक असा आवाज झाला. मशीनला पोचलं, असं समजून ते अंगण झाडायला गेले.

आणि काय आश्चर्य! जेवणाची वेळ व्हायच्या आत गाड्या थांबायला लागल्या. एक, दोन, चार. बसमधली माणसं रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आली. भागोजी टेबलं पुसता पुसता धावत नितेशकडे गेले. "ऐकलं रे! मशीनने ऐकलं!"

"सांगितलं नव्हतं?" नितेश म्हणाला. तो स्वतःच थोडा घाबरल्यासारखा दिसत होता.

भागोजी परत आले तर मागच्या दाराने सगुणाताई आत येत होत्या. पदर खोचलेला, डोळे सुजलेले. भागोजींना पाहून त्या हातच जोडायला लागल्या.

"भावजी, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही वेळेवर कळवलंत म्हणून बरं."

"मी? काय कळवलं?"

"आप्पांचा फोन आला मला. तुम्ही ग्रुपवर गिऱ्हाइकाचा आवाज पाठवलात ना? आप्पा म्हणाले, कोण बाई होती, नवऱ्याला उलट्या, लेकराला जुलाब, माझ्याकडे जेवून. माझ्याकडे कुठला तसला मोबाईल, मी काही ऐकलं नाही. पण आप्पा म्हणाले, बाई फार कळवळून बोलत होती. भावजी, इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही हो. मी सकाळचे सगळे मासे माडाच्या बुंध्याशी पुरले. चूल विझवली. दारावर खडूने लिहून आले, आज बंद, जेवण समोर मयेकरांकडे मिळेल." त्यांनी पुन्हा हात जोडले. "लेकरू बरं असेल ना हो? त्या बाईंचा नंबर असला तर द्या. जाऊन पाय धरते."

भागोजींच्या पायाखालची फरशी जणू हायवेच्या कामात कोणी उकरून नेली. त्यांनी खिशातला मोबाईल काढला. 'नाट्याची माणसं'. त्यात त्यांच्याच नावासमोर ती लांबलचक पट्टी, आणि खाली एकापाठोपाठ एक निरोप. बाप रे. कुठल्या गावची बाई? सगुणाला सांगा कोणीतरी. पोराला सलाईन लावलं का?

"नंबर... नंबर नाही," भागोजी म्हणाले. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "मालक, भात आणा!" आणि ते भाताकडे पळाले. इतक्या आनंदाने भात वाढायला ते आयुष्यात कधी धावले नव्हते.

राजश्री मासे घेऊन आली ती सरळ चुलीपुढे बसली. सगुणाताईंनी तिच्या हातातलं खोबरं काढून घेतलं. "तू तळणीला बस गो. एवढी माणसं तुला एकटीला निभणार नाहीत. वाटण मी करते." आणि त्या शत्रूच्या स्वयंपाकघरात बसून वाटण वाटायला लागल्या. मधूनच थांबून त्या पदराने डोळे पुसत होत्या. कांद्याने की कशाने ते विचारायची भागोजींची छाती नव्हती.

बाहेर गर्दी वाढत होती. "मालक, कालवण काय झालंय आज!" एकाने म्हटलं. "मागच्या वेळी आलो तेव्हा असं नव्हतं." दुसऱ्याने वाटी पुढे केली. भागोजी वाटी घेऊन आत जायचे, सगुणाताई ती भरून द्यायच्या आणि विचारायच्या, "पोटाला बाधणार नाही ना हो कोणाच्या? तुम्ही चाखून बघा आधी." भागोजी चाखायचे. स्टँडवर असताना एकदा त्यांनी चुकून राजापूरची गाडी देवरुखची म्हणून पुकारली होती आणि अख्खी वरात भलत्या गावी गेली होती. तेव्हासुद्धा त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

पाण्याचा जग भरायला ते मोरीपाशी गेले, तशी राजश्री मागे येऊन उभी राहिली.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"मी रिक्षात ऐकलं. शेजारी दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी पण ऐकलं. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली, तुमची उलटी मला ओळखता येणार नाही? आणि कुठली बाई बोलणं संपवताना म्हणते, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी?"

भागोजींचा जग भरून वाहत होता. राजश्रीने नळ बंद केला.

"अगं, मी ते मशीनला सांगत होतो. माणसांना नव्हतो सांगत."

"म्हणजे मशीनला सांगितलं तर ते खरं होतं?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

भागोजी जग हातात धरून चुलीपाशी आले. सगुणाताई खाली मान घालून वाटत होत्या. त्यांच्या केसांना खोबऱ्याचा कीस लागला होता.

"ताई," भागोजी म्हणाले, "ती बाई मी होतो."

"कोण बाई?"

"अगंबाईवाली."

सगुणाताईंचा हात थांबला. "म्हणजे?"

"लेकरू वगैरे कोणी नाही. कोणाला काही झालेलं नाही."

"आणि तिचा नवरा? उलट्या होत होत्या तो?"

"तोही मीच. टोपात तोंड घालून."

बाहेरून "मालक, सोलकढी!" अशी हाक आली. कोणीच हललं नाही. सगुणाताईंना राग येईल, त्या ओरडतील, पळी फेकून मारतील असं भागोजींना वाटत होतं. किंबहुना त्यांनी पळी मारली असती तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. शाळेतल्या मुलीला न केलेल्या चुकीची शिक्षा व्हावी आणि ती संपल्यावर चूक कोणाची होती ते कळावं, तशा.

"पण का, भावजी?"

"तुम्ही वर होतात म्हणून."

"वर? वर कुठे?"

भागोजींनी मोबाईल पुढे केला. सगुणाताईंनी हात पुसले, मोबाईल लांब धरून डोळे बारीक केले. "हे तर माझं दार. ही मी. अगो राजश्री, हा फोटो कधी काढलान कोणी? केस बघ कसे विस्कटलेत." खाली लोकांनी ओळीने लिहिलं होतं. त्यांनी एक ओळ अडखळत वाचली, "'मावशीने मुलीला ताप होता म्हणून मऊ भात करून दिला.' कोण ही? हां, ती कणकवलीकडची." त्यांनी मोबाईल परत दिला. "हे वर आहे हे मला माहीत नव्हतं हो. मला सांगितलं असतंत तर काढायला लावलं असतं."

मग त्या उठल्या. वाटण तसंच पाट्यावर राहिलं. मागच्या दाराशी जाऊन त्या एवढंच म्हणाल्या, "आज पुरला तो हलवा फार ताजा होता. डोळे नुसते चमकत होते त्याचे." आणि गेल्या. राजश्रीने चूल विझवली आणि ती बहिणीच्या मागोमाग गेली.

बाहेर माणसं ताटावर बसली होती. आत अर्धं कालवण, न वाटलेलं खोबरं आणि भागोजी. त्यांनी आयुष्यात अंडंसुद्धा तळलं नव्हतं. शेवटी ते दारात आले, घसा साफ केला आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "काही अपरिहार्य कारणास्तव जेवण रद्द करण्यात आलेलं आहे." कोपऱ्यातला एक म्हातारा दचकून उठला आणि पिशवी घेऊन बाहेर पळाला.

दुपार कलल्यावर त्यांनी पुन्हा मोबाईल मिठाच्या बरणीला टेकला. या वेळी ग्रुपचं नाव नीट वाचून घेतलं. स्वतःच्या आवाजात सगळं कबूल केलं, सगुणाताईंची माफी मागितली, आप्पांची मागितली. बोलताना शब्द अडखळत होते, भोंग्यावरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. बाण दाबला. बऱ्याच वेळाने आप्पांचं उत्तर आलं. ओटीवरून ओरडून बोललेलं, मागे कोंबडे आरवत होते. "हा कोण मेला बोलतोय? वळखीचा वाटत नाय. ती बाय काय ती स्पष्ट बोलत होती!"

संध्याकाळी सानिकाचा फोन आला. "बाबा, माझ्या ऑफिसमध्ये एकाने क्लिप लावली होती. सगळे हसत होते, मीपण हसत होते. मग ती उलटी आली. ते तुम्ही आहात ना?"

"होय," भागोजी म्हणाले. लेकीपुढे तो शब्द काढायला जेवढा जोर लागला तेवढा अख्ख्या माफीला लागला नव्हता.

"का पण? आणि तुमची वेबसाईट दिसत नाही ती कोणी दाबून ठेवली म्हणून नाही. तुम्हीच म्हणालात ना, हातखंबा नको लिहू, हलकं वाटतं, नुसतं रत्नागिरी लिही? त्यात हातखंबा हा शब्दच नाही, बाबा. हातखंबा शोधणाऱ्याला ती कशी दिसेल? आणि मावशीच्या जेवणाबद्दल लोक आपणहून लिहितात. एवढंच आहे. आत कोणी माणूस बसलेला नाही."

भागोजींना आत माणूस बसलेला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्यावर रागवता तरी आलं असतं.

क्लिप आता सासुरवाडीची राहिली नव्हती. कोणीतरी ती रत्नागिरीला पाठवली, रत्नागिरीहून ती चिपळूणला गेली, पाठोपाठ सगळ्या हायवेभर झाली. माफीची क्लिप मात्र कोणीच पुढे पाठवली नाही. तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगुणाताईंनी खानावळ उघडली तर दारात एकही गाडी थांबली नाही. पुढच्या दिवशीही नाही. भागोजी गल्ल्यावर बसून ते रिकामं दार बघत होते. तेच दार बघायची सवय होती, पण आता बघवत नव्हतं.

राजश्री त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताईकडे जा आणि तिथे जेवायला बसा. बाहेरच्या टेबलावर, रस्त्यावरून दिसेल असे. गर्दीच्या वेळेला. रोज."

"ताईंनी सांगितलं?"

"मी सांगतेय. ताई तुमचं नावसुद्धा घेत नाही."

भागोजी गेले. भर दुपारी, स्वतःच्या खानावळीसमोर, दुसऱ्याच्या खानावळीत. सगुणाताईंनी ताट आणून ठेवलं. तळलेली सुरमई, कालवण, भाकरी, सोलकढी. भागोजी मान खाली घालून जेवू लागले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांमधून माणसं बघायची. नेहमीचे ट्रकवाले वेग कमी करायचे. "अगंबाई!" एकजण खिडकीतून ओरडून गेला. स्टँडवरचा तो आवाज एव्हाना बऱ्याच जणांनी ओळखला होता. भागोजींचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. उठले असते तर लोकांना वाटलं असतं की मासे बाधले. म्हणून ते सावकाश, सगळ्यांना दिसेल असा एकेक घास घेत होते आणि प्रत्येक घासानंतर तब्येत उत्तम असल्यासारखा चेहरा करत होते. जेवण अप्रतिम होतं. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

हळूहळू एखादी गाडी थांबायला लागली. मयेकर स्वतः इथे जेवतात म्हटल्यावर शिळ्या माशाचं काही खरं नसणार, असं लोकांना वाटलं असावं. रविवारी तर सगळी टेबलं भरली. भागोजी आपल्या जागेवर शेवटचा भात कालवत होते, तेव्हा एक मोठी गाडी थांबली. चिपळूणकडची मंडळी होती, नवरा-बायको, सासू, दोन मुलं. बाई उतरून सरळ सगुणाताईंकडे आली.

"मावशी, ती अगंबाईवाली खानावळ हीच का?"

सगुणाताईंनी पळी खाली ठेवली. "कोणती म्हणालात?"

"अहो, नेटवर 'हातखंबा अगंबाई' टाकलं की पहिलीच येते. सगळ्यात वर! कितीतरी लोकांनी लिहिलंय. मयेकर म्हणून आहेत, ते बाईचा आवाज काढतात म्हणे. मुलांनी हट्टच धरला."

"सगळ्यात वर?" सगुणाताईंनी विचारलं.

"पहिलीच."

सगुणाताई वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी भागोजींकडे नीट पाहिलं. भागोजींनी ताटाकडे पाहिलं. ताटात फक्त काटे उरले होते.

"हे काय, इथेच बसलेत," सगुणाताई म्हणाल्या. "भावजी, मुलं लांबून आलीयत हो."

मुलं टेबलाला येऊन चिकटली. बाईने मोबाईल काढून वर धरला. बाजूची टेबलं जेवायची थांबली. आत भाकऱ्या थापणारी राजश्रीसुद्धा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. रविवारच्या गर्दीत ताईला मदत म्हणून ती सकाळपासून इथेच होती. ती त्यांना सोडवील असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

भागोजींनी पाण्याचा घोट घेतला. गळा आवळला. ताटावरची नजर न काढता, जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात ते म्हणाले, "अगंबाई."

कोणी हसलं नाही. मुलांनी आईकडे पाहिलं.

"शी, असं नाही हो," बाई मोबाईल सरळ करत म्हणाली. "क्लिपमध्ये किती छान होतं! जरा मोठ्याने, आणि सोलकढीचं पण घ्या ना त्यात."

भागोजींनी सगुणाताईंकडे पाहिलं. त्यांनी सोलकढीची वाटी भरून त्यांच्यापुढे ठेवली.

आणि भागोजी उभे राहिले.